चंद्रपूरला राहायला येताय? मग हवेचा हिशेब असा ठेवा

चंद्रपूरला नोकरी लागली, बदली झाली किंवा लग्न होऊन इकडं येणं झालं, की माणसं दोन गोष्टी विचारतात. ऊन किती आणि धूळ किती? उन्हाचं उत्तर सोपं आहे. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो, कुलरशिवाय भागत नाही. धुळीचं उत्तर मात्र जुने लोक हमखास एकच देतात, "होते भाऊ सवय." नाकाला आणि घशाला सवय होते, हे खरं आहे. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना होत नाही.

म्हणून हा लेख. वीज केंद्रात, खाणीत, सिमेंट कारखान्यात, बँकेत, शाळेत नोकरीला येणाऱ्यांसाठी आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या लहान मुलांसाठी, वयस्कर आईवडिलांसाठी. घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा, गडचांदूर, वणी या भागात राहणार असाल तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. शहराच्या उत्तरेला २,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक वीज केंद्र आहे. भोवती कोळशाच्या खुल्या आणि भूमिगत खाणी, राजुरा-कोरपना पट्ट्यात सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरला कागद, घुग्घुस आणि ताडाळीकडं लोखंडाचे उद्योग. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथं आलं. त्यामुळं २०१० मध्ये नव्या प्रकल्पांवर काही काळ बंदीही होती. २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला, त्यातल्या मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आपण आहोतच. नोकरी सोडून पळा असं मी म्हणणार नाही, मीही इथंच राहतो. पण नुसतं "बघू" म्हणून राहणं आणि हिशेब ठेवून राहणं यात फार फरक पडतो.

पायरी १ : कोणत्या धुळीची काळजी करायची ते ठरवा

सकाळी खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं की काळं लागतं. गच्चीवरच्या टाकीच्या झाकणावर करड्या राखेचा थर बसतो. पांढरा सदरा दोरीवर दिवसभर राहिला की त्याचा रंग बदलतो. नवीन माणूस हे बघून हादरतो आणि दिवसातून तीनदा फडकं मारायला लागतो. ही दिसणारी धूळ त्रासदायक आहे, दम्याच्या माणसाला तर फारच. पण तिचे कण जाड असतात. त्यातले बरेचसे नाकात, घशात आणि वरच्या श्वासनलिकांत अडतात, शिंकेतून आणि खाकऱ्यातून बाहेर पडतात.

जास्त घात करते ती न दिसणारी. २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कणांना पीएम २.५ म्हणतात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. हे कण मुख्यतः जळण्यातून येतात. चिमण्या, ट्रकचा धूर, पेटवलेला कचरा, कोळशाच्या सिगड्या, मूल-सिंदेवाहीकडं धान निघाल्यावर कुठंकुठं पेटवलेलं तणस. आणखी एक उगम लोकांच्या लक्षात येत नाही. कोळसा जळताना निघणारे सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हे वायू हवेत काही तासांत, काही दिवसांत सल्फेट आणि नायट्रेटचे बारीक कण बनतात. म्हणजे चिमणीतून वायू म्हणून निघालेला ऐवज पन्नास किलोमीटरवर कण म्हणून तुमच्या नाकात येऊ शकतो. "आमचं घर प्रकल्पापासून लांब आहे" या वाक्यावर म्हणून फार विसंबू नका.

हे कण फुप्फुसाच्या टोकाला असलेल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथं शरीर त्यांच्याशी झुंजतं, म्हणजे सूज येते, आणि ती सूज फुप्फुसापुरती राहत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, अतिसूक्ष्म कण थेट रक्तातही उतरतात. लोक प्रदूषण म्हटलं की खोकला धरून चालतात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात बाहेरच्या हवेमुळं होणाऱ्या अकाली मृत्यूंपैकी दोन तृतीयांशांच्या आसपास मृत्यू हृदयविकार आणि पक्षाघाताचे आहेत. त्यानंतर फुप्फुसांचे जुनाट विकार, न्यूमोनियासारखे संसर्ग आणि फुप्फुसाचा कर्करोग. बाहेरच्या हवेतलं प्रदूषण कर्करोगकारक आहे, असं या संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१३ मध्येच जाहीर केलं. भारतात २०१९ या एका वर्षात १६ लाख ७० हजार मृत्यू, म्हणजे एकूण मृत्यूंच्या १७.८ टक्के, घरातल्या आणि बाहेरच्या हवेच्या प्रदूषणामुळं झाल्याचा अंदाज आहे. गरोदर बाईच्या बाबतीत मूल कमी वजनाचं किंवा वेळेआधी होण्याचा धोका वाढतो. वाढत्या वयातल्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ खुंटते. दक्षिण कॅलिफोर्नियात अनेक वर्षं मुलांची फुप्फुसं मोजली गेली, तेव्हा हवा सुधारली तशी ही वाढही सुधारलेली दिसली. म्हणजे हवा थोडी जरी चांगली केली तरी शरीर त्याची दखल घेतं.

यातून निघणारी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की नुकसान एखाद्या काळ्याकुट्ट दिवसानं कमी आणि वर्षाच्या सरासरीनं जास्त होतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या ती सरासरी खाली आणण्याच्या आहेत.

पायरी २ : आकडे वाचायला शिका

आधी मर्यादा लक्षात ठेवा. भारतात पीएम २.५ साठी वर्षाची सरासरी ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आणि २४ तासांची ६० ही मानकं २००९ पासून आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सुचवलेली पातळी वर्षाला ५ आणि २४ तासांना १५ आहे. म्हणजे आपल्याकडं "मानकाच्या आत" असलेली हवासुद्धा तब्येतीच्या दृष्टीनं निर्धोक नसते. खाली कुठंतरी एक रेष आहे आणि तिच्याखाली काहीच होत नाही, असं आजवर आढळलेलं नाही.

शहरात राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची हवा आपोआप मोजणारी दोन केंद्रं आहेत, एक शहरात आणि एक खुटाळ्याच्या एमआयडीसीत. त्यांचे आकडे केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर आणि 'समीर' ॲपवर दिसतात. ते बघताना नवशिक्यांचा गोंधळ तीन ठिकाणी होतो.

पहिला गोंधळ हवेचा निर्देशांक (एक्यूआय) आणि संहती, म्हणजे हवेतलं कणांचं प्रत्यक्ष प्रमाण, यांतला. निर्देशांक १०० म्हणजे पीएम २.५ चं प्रमाण १०० नव्हे. भारतीय पद्धतीत पीएम २.५ साठ झालं की निर्देशांक १०० होतो, ९० झालं की २००, १२० झालं की ३००. शिवाय निर्देशांक ज्या प्रदूषकाचा सगळ्यात वाईट, त्याचाच दाखवला जातो. चंद्रपुरात पुष्कळदा तो जाड धुळीचा, म्हणजे पीएम १० चा असतो, उन्हाळ्यात कधी ओझोनचा. म्हणून आकड्याशेजारी प्रमुख प्रदूषक कोणता लिहिलाय तेही बघा.

दुसरा गोंधळ ॲपचा. काही खासगी ॲप अमेरिकी निर्देशांक दाखवतात. हवा तीच, पीएम २.५ साठच, पण भारतीय मापानं १०० "समाधानकारक" आणि अमेरिकी मापानं १५० च्या वर "आरोग्याला अपायकारक". मग कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण ठरलेलं. एकच माप धरा, किंवा सरळ मायक्रोग्रॅममधला आकडा बघा.

तिसरा गोंधळ वेळेचा. कणांचा निर्देशांक मागच्या २४ तासांच्या सरासरीवरून निघतो. सकाळी सहाला फिरायला जाऊ की नको, हे त्यावरून कळत नाही. कारण त्यात कालची स्वच्छ दुपारही मिसळलेली असते. त्यासाठी पोर्टलवरचे तासातासाचे आकडे बघावे लागतात.

केंद्रापासून लांब राहत असाल तर घरात ठेवायचं छोटं लेझरवालं यंत्र कामाचं आहे. त्याचा आकडा तंतोतंत बरोबर नसतो, पावसाळी दमटपणात आणि धुक्यात तर ते फुगवूनच सांगतं. पण "फोडणीनंतर घरात किती चढलं आणि किती वेळात उतरलं" हे ते छान दाखवतं. माझ्या मते त्याचा खरा उपयोग तेवढाच.

पायरी ३ : घर बघताना

भाडं आणि पाणी विचारता तसं हेही विचारा. घरापासून कोळसा वाहतुकीचा रस्ता किती दूर? रेल्वे सायडिंग, म्हणजे कोळसा चढवायचा-उतरवायचा लोहमार्ग, कुठं? आसपास कचरा कुठं पेटतो? पडोली चौकासारख्या ठिकाणी, जिथं नागपूर आणि घुग्घुसकडचे ट्रक दिवसरात्र वळतात, थांबतात, पुन्हा गिअर टाकून निघतात, तिथं रस्त्याला लागून असलेली खोली कितीही स्वस्त मिळाली तरी नको. त्याच रस्त्यापासून दोनतीनशे मीटर आत गेलात की ट्रकच्या ताज्या धुराचा आणि उडणाऱ्या धुळीचा भाग बराच उतरतो. चिमणीच्या धुराचं तसं नाही, तो लांबवर पसरतो. दुर्गापूर-ऊर्जानगर, तुकूम, लालपेठ-बाबूपेठ, घुग्घुस या वस्त्या उद्योगाला किंवा खाणीला चिकटून आहेत. कामाच्या सोयीसाठी तिथंच राहावं लागत असेल तर मुख्य रस्त्याकडं पाठ असलेलं घर घ्या.

घर दोनदा बघा, एकदा दुपारी आणि एकदा हिवाळ्यातल्या रात्री नऊच्या सुमारास. दुपारी मोकळं, प्रसन्न वाटणाऱ्या गल्लीत रात्री सिगड्यांचा धूर कमरेएवढ्या उंचीवर थर धरून बसलेला मी पाहिलाय. खाणीजवळच्या वस्त्यांत वेचून आणलेल्या कोळशावर अजूनही स्वयंपाक होतो आणि पाणी तापतं. त्या बायांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, सिलिंडर परवडत नाही म्हणून त्या तसं करतात. पण सगळ्यात जास्त धूर त्यांच्याच छातीत जातो.

पायरी ४ : आधी घरातला धूर थांबवा

बाहेरच्या चिमणीवर तुमचा ताबा नाही, घरातल्या धुरावर आहे. स्वयंपाक गॅसवर किंवा इंडक्शनवर. फोडणी आणि तळण करताना बाहेर हवा फेकणारा पंखा चालू, आणि कढई उतरवल्यावरही दहा मिनिटं चालू. थंडीत बंद खोलीत कोळशाची सिगडी ठेवून झोपू नका. तिथं कणांच्या आधी कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

डासांसाठी कॉइल लावू नका, ही माझी सगळ्यांना कळकळीची विनंती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सोडते, असं आढळलं होतं. आपल्याकडं ती पोरांच्या पलंगाखाली रात्रभर जळते. मच्छरदाणी बांधा. देवापुढची उदबत्ती बंद करा म्हटलं तर सासूबाई मला घरात घेणार नाहीत. पण एकच लावा, खिडकीजवळ लावा, आणि धूपाचा डबा सणापुरता ठेवा.

झाडू कोरडा मारू नका. आधी पाण्याचा हात, मग ओलं फडकं. पायपुसणं दाराबाहेर. घरातल्या कुंड्या दिसायला छान असतात, बारीक कणांवर त्यांचा परिणाम नगण्य असतो.

पायरी ५ : झोपायची खोली

नवीन माणूस सगळा जोर मास्कवर देतो. सरासरीचा हिशेब मांडला की वेगळंच दिसतं. समजा हिवाळ्यातल्या एका दिवशी बाहेर पीएम २.५ ऐंशी आहे. जाण्यायेण्याचा एक तास तुम्ही ट्रकच्या मागं १५० च्या हवेत काढलात, तर दिवसाच्या सरासरीत त्यानं सुमारे ३ ची भर पडते. आता झोपायच्या खोलीत रात्रभर ७० असतं ते ८ तास २० वर ठेवलंत, तर सरासरीत जवळपास १७ ची घट होते. झोपेत श्वास कमी लागतो म्हणून हा फायदा थोडा कमी धरा, तरी रात्रच भारी पडते.

म्हणून हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यायचंच असेल तर ते बैठकीत नको, झोपायच्या खोलीत ठेवा. घेताना बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर आहे ना आणि तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं, एवढंच विचारा. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंच खोली म्हणजे साधारण ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर यंत्रानं तासाला १७० घनमीटर द्यायला पाहिजेत. पण पूर्ण वेगावर यंत्राचा आवाज होतो आणि माणसं रात्री ते बंद करून टाकतात. म्हणून गरजेपेक्षा मोठं घ्या आणि हळू चालवा. आयन किंवा ओझोन सोडणारी यंत्रं नकोत, ओझोन स्वतःच फुप्फुसाला बाधतो. दारखिडक्यांच्या फटी बुजवा. इथं फिल्टर कंपनीनं सांगितलेल्या मुदतीआधीच काळा होतो, तो खर्च आधीच धरा. ऐपत एकाच खोलीची असेल तर लहान मूल, गरोदर बाई किंवा आजीआजोबा जिथं झोपतात ती खोली निवडा.

आता कुलरचं काय? वऱ्हाडापासून चंद्रपूरपर्यंत उन्हाळा कुलरवर निघतो, आणि कुलर म्हणजे बाहेरची हवा घरात ओढणारा भलामोठा पंखा. ओल्या गवतात जाड धूळ अडते. आठवड्यानं कुलरची टाकी उपसली की तळाला काळा गाळ निघतो तो त्याचाच. बारीक कण मात्र बहुतांश आत येतात. कुलर चालू असताना शुद्धीकरणाचं यंत्र लावणं म्हणजे विजेची नासाडी. तरीही माझं मत स्पष्ट आहे. एप्रिल-मेमध्ये कुलर बेलाशक लावा. त्या दिवसांत तापलेली हवा वर उठते, कण पांगतात, आणि ४६ अंशांत उष्माघात हा त्यापेक्षा जवळचा धोका आहे. टाकी आणि गवत साफ ठेवा, एवढंच. एसी असेल तर तो खोलीतलीच हवा फिरवतो, तेव्हा त्याच्यासोबत यंत्र चालवता येतं. एसीची स्वतःची जाळी बारीक कण धरत नाही.

पायरी ६ : बाहेर पडायच्या वेळा आणि मास्क

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे खरे वाईट महिने. रात्री जमीन गार होते, थंड हवेचा थर खाली अडकतो, त्यावर गरम हवेचं झाकण बसतं आणि वारा पडतो. रात्रीपासून सकाळी आठ-नऊपर्यंत सगळा धूर आपल्याच उंचीवर. ऊन चढलं की झाकण सुटतं, साधारण अकरा ते चार हवा सगळ्यात बरी, संध्याकाळी पुन्हा बिघडते. खिडक्या याच मधल्या वेळात उघडा.

थंडीत पहाटे साडेपाचला रामाळा तलावाकडं धुक्यात पळायला जाणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं आणि काळजीही. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो, पळणारा त्याच्या सहा-सात पट, तीही तोंडानं. व्यायाम सोडू नका, त्याचे फायदे मोठे आहेत. फक्त हिवाळ्यात तो उशिरा करा किंवा घरात करा, आणि ट्रकच्या रस्त्यावर कधीच नको. पावसाळ्यात हवा धुऊन निघते, तेव्हा मनसोक्त पळा.

मास्कबाबत थोडक्यात. विदर्भात पोरी गाडीवर निघताना दुपट्टा डोक्यापासून गळ्यापर्यंत असा बांधतात की फक्त डोळे दिसतात. उन्हासाठी उत्तम, जाड धुळीसाठी बरा, बारीक कणांसाठी जवळपास शून्य. सर्जिकल मास्कच्या बाजूनं हवा शिरते. एन ९५ खरं काम करतो, तोही चेहऱ्याला चिकटला तरच. लावल्यावर दोन्ही हातांनी झाकून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडं वारा आला किंवा चष्म्यावर वाफ धरली तर नाकावरची पट्टी पुन्हा दाबा. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. धुऊ नका. पट्टा सैल झाला किंवा श्वास जड जायला लागला की टाकून द्या. दुपट्टा बांधायचाच असेल तर मास्कच्या वरून बांधा.

पायरी ७ : आल्या आल्या तपासणी

पहिल्या महिन्यातच रक्तदाब, साखर आणि स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजायची तपासणी) करून घ्या आणि कागद जपून ठेवा. पाच वर्षांनी दम लागायला लागला तर "आधी किती होतं" हा प्रश्न येतो, तेव्हा बहुतेकांकडं उत्तर नसतं.

दमा असेल तर घरी श्वास किती जोरात सुटतो ते मोजणारं पीक फ्लो मीटर ठेवा. दिसायला प्लॅस्टिकच्या शिट्टीसारखं, फुंकलं की काटा सरकतो. तब्येत उत्तम असताना येणारा आकडा हा तुमचा शंभर टक्के. ८० टक्क्यांच्या वर ठीक. ५० ते ८० मध्ये आला तर डॉक्टरांनी लिहून दिलेली वाढीव औषधं, ५० च्या खाली गेला तर थेट दवाखाना. इन्हेलरची सवय लागते ही समजूत सोडा. हवा बरी वाटली म्हणून रोजचा इन्हेलर स्वतःच्या मनानं बंद करणारेच डिसेंबरात भरती होतात. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना इन्हेलरला स्पेसर, म्हणजे औषध नीट आत जावं म्हणून जोडायची नळी, लावून द्या. फ्लूची लस दरवर्षी, आणि वयस्कर माणसांसाठी न्यूमोनियाची लस, डॉक्टरांना विचारून.

इथला सगळ्यात घातक शब्द म्हणजे "धुळीचा खोकला". दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला कुठलाही खोकला आधी क्षयरोगासाठी तपासायचा. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. तसंच छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, ओठ निळे पडणं यांपैकी काही दिसलं तर सोडा-लिंबू देत बसू नका, १०८ ला फोन करा.

आणि गूळ. कारखान्यात पाळी संपली की गूळ वाटायची जुनी पद्धत आहे. घशाला बरं वाटतं, खायला माझी हरकत नाही. पण गूळ जातो पोटात आणि कण जातात फुप्फुसात. गूळ खाल्ला म्हणून मास्क नको, असं म्हणणाऱ्या मुकादमाचं ऐकू नका.

पायरी ८ : कामच धुळीत असेल तर

कोळसा हाताळणी, राख बंधारा, सिमेंटचं पॅकिंग, दगडखाण, ड्रिलिंग इथं काम करणाऱ्यांचा प्रश्न शहराच्या हवेहून वेगळा आणि जास्त गंभीर आहे. कोळशाच्या धुळीनं खाणकामगारांचा फुप्फुसविकार होतो, दगडाच्या सिलिकानं सिलिकोसिस. दोन्हींत फुप्फुस पूर्ववत होत नाही, म्हणून लवकर सापडणं हाच उपाय. हे कायद्यानं कळवायचे आजार आहेत. खाणीत ठरावीक वर्षांनी होणारी वैद्यकीय तपासणी चुकवू नका. छातीच्या एक्स-रेची आणि अहवालाची प्रत मागून घ्या. ठेकेदाराकडं असाल तर हे दुप्पट महत्त्वाचं. ठेकेदार बदलतो, त्याच्यासोबत कागदही जातात, आणि मग धूळ कुठल्या नोकरीत लागली हे सिद्ध करणं तुमच्या गळ्यात पडतं. हजेरीपत्रक, पगाराच्या पावत्या, ओळखपत्रं, सगळ्यांचे फोटो काढून ठेवा. कामाचे कपडे तिथंच बदला, घरच्या कपड्यांसोबत धुऊ नका. मुलाला उचलून घ्यायच्या आधी हातपाय धुवा.

पायरी ९ : तक्रार कशी आणि कुठं

वरचं सगळं करूनही एका मर्यादेपलीकडं सरासरी खाली जात नाही, कारण उगम तुमच्या घरात नाही. म्हणून ही पायरी ऐच्छिक समजू नका.

कचरा पेटला तर महापालिका किंवा नगर परिषद. ताडपत्री न टाकता, कोळसा सांडत जाणारा ट्रक दिसला तर आरटीओ आणि वाहतूक पोलीस. चिमणीतून काळा किंवा तपकिरी लोट, राखेचा पाऊस, रात्री अचानक वाढणारा धूर यासाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं चंद्रपुरातलं प्रादेशिक कार्यालय. "खूप प्रदूषण आहे" असं लिहू नका, त्याची फाइल होत नाही. तारीख, वेळ, जागा, वाऱ्याची दिशा, वेळेची नोंद असलेला फोटो आणि त्या तासाचा केंद्रावरचा आकडा एवढं एका पानावर लिहा, पोच घ्या. आठ-दहा घरांनी महिनाभर अशी नोंद ठेवली की ती एकट्याच्या संतापापेक्षा फार वजनदार होते. प्रत्येक उद्योगाला मंडळानं संमतीपत्र दिलेलं असतं, त्यात चिमणीतून किती कण सोडायचे याची मर्यादा लिहिलेली असते. संमतीपत्र आणि चिमणीच्या तपासणीचे अहवाल माहितीच्या अधिकारात मागता येतात.

नवी खाण किंवा विस्तार येणार असेल तर २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेनुसार बहुतेक मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात आणि निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना येते. आघात अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करून देणं बंधनकारक आहे. तो आधी आणून वाचा. हवेची मोजमापं कुठल्या महिन्यांत घेतली ते बघा. नुसती मार्च ते मेची असतील तर हिवाळ्याचे आकडे कुठं आहेत, हे सुनावणीत उभं राहून विचारा. लेखी निवेदनही द्या, आणि इतिवृत्तात तुमचा प्रश्न लिहिला गेलाय का, ते निघण्याआधी तपासा.